आधी कळस, मग पाया?

१९६६ साली जॅक हार्लन हा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आग्नेय तुर्कस्तानातल्या एका डोंगरउतारावर विळा घेऊन उभा राहिला. विळ्याचं पातं चकमकीच्या दगडाचं होतं. त्या भागात रानटी गहू अजूनही आपसूक उगवतो. पेरणारा कुणी नाही, राखणाराही कुणी नाही. हार्लनने आधी नुसत्या हातांनी ओंब्या ओरबाडल्या, हात सोलवटले तेव्हा विळा चालवला, आणि तासाभराची कापणी पाखडून-निवडून तोलली. साधारण एक किलो स्वच्छ धान्य भरलं. डोंगरावर पायथ्याचं पीक आधी तयार होतं आणि वरचं उशिरा. म्हणून एखादं कुटुंब हंगामाबरोबर हळूहळू वर सरकत गेलं, तर तीन आठवड्यांत, फारसा घाम न गाळता, वर्षभर खाऊन उरेल इतकं धान्य त्याला मिळेल, असा हिशेब त्याने मांडला.

तीन आठवड्यांत वर्षाची बेगमी! मग नांगरणी, पेरणी, खुरपणी, राखण या रहाटगाडग्यात माणूस पडलाच कशाला?

शाळेत आपण जी गोष्ट शिकतो तिच्यात या प्रश्नाला जागाच नसते. ती गोष्ट शिडीसारखी आहे. माणूस आधी शिकार करत भटकत होता. मग त्याला शेतीचा शोध लागला. शेतीमुळे तो एका जागी राहिला. धान्य उरू लागलं. उरलेल्या धान्यावर कुंभार, सुतार, पुजारी पोसले गेले. गावांची शहरं झाली, शहराला राजा आला, राजाला हिशेबासाठी लिपी लागली. या गोष्टीला शास्त्रीय बैठक दिली ती व्ही. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने. १९३०च्या दशकात त्याने 'नवाश्मयुगीन क्रांती'ची, म्हणजे माणूस शिकारीकडून शेतीकडे वळल्याची, कल्पना मांडली आणि १९५० साली 'नागरी क्रांती'ची दहा लक्षणं सांगितली: मोठी वस्ती, कर, भव्य इमारती, लेखन वगैरे. चाइल्डला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती तेव्हा जो पुरावा होता त्यावर शिडी बऱ्यापैकी उभी राहत होती. विलार्ड लिबीची कर्ब-१४ कालमापन पद्धत जगापुढे आली तीच १९४९ साली; तोवर लेखी नोंदींच्या पलीकडचा काळ बहुतांशी अंदाजपंचेच मोजला जाई. पुढच्या सत्तरेक वर्षांत जमिनीतून जे निघालं त्याने मात्र या शिडीच्या पायऱ्या सुट्या केल्या. कुठे चौथी पायरी पहिलीच्या आधी सापडली, कुठे दुसरी सापडलीच नाही.

हे सगळं कळतं कसं, ते आधी थोडक्यात. लिहिलेला शब्द नसताना पुरातत्त्वज्ञाच्या हाती उरतो तो कचरा. एकाच जागी शेकडो वर्षं मातीची घरं पडत आणि नवी उठत राहिली की जमीन उंचावत जाते. राख, शेण, चुना, हाडं मिसळून ती माती पांढुरकी होते, म्हणून मराठीत अशा जागेला पांढरीचं टेकाड म्हणतात. जुना थर तळाशी, नवा वर. अर्थात उंदीर-घुशींनी बिळं करून सगळं उलटंपालटं केलं नसेल तर. ती माती पाण्यात ढवळली की जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात आणि चाळणीत अडकतात. न जळलेले दाणे केव्हाच कुजून गेलेले असतात. त्यामुळे ज्या दिवशी चुलीवरचं करपलं तोच दिवस आपल्यापर्यंत पोचतो, नीट शिजलेल्या जेवणाची नोंद राहत नाही. त्या कोळशातलं कर्ब-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, दर ५,७३० वर्षांनी निम्मं होतं, त्यावरून वय काढतात. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याइतकं ते उरत नाही. दातांतल्या स्ट्रॉन्शियमवरून माणूस लहानपणी कुठल्या प्रकारच्या खडकांच्या प्रदेशात वाढला याचा माग लागतो. खापरात मुरलेल्या चरबीवरून त्या भांड्यात दूध होतं की मांस, हेही कळतं.

आता शिडीची पहिली जोडी घेऊ: आधी शेती, मग घर. १९८९ साली इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराचं पाणी बरंच खाली गेलं आणि काठाशी सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्यांचे अवशेष उघडे पडले. या जागेला ओहालो-२ म्हणतात. पाण्याखालच्या चिखलाने तिथला जळका पालापाचोळासुद्धा जपून ठेवला होता. त्यात रानटी जव आणि गहू निघाले, दळायचा दगडही निघाला. हिमयुग तेव्हा ऐन भरात होतं. पुढे साधारण १५,००० वर्षांपूर्वीपासून त्याच पट्ट्यात नाटुफियन संस्कृतीचे लोक दगडी पायाची गोल घरं बांधून राहू लागले. ऐन मल्लाहा इथे एका माणसाला पुरताना त्याचा हात कुत्र्याच्या पिल्लावर ठेवलेला आढळला. जॉर्डनमध्ये एका नाटुफियन चुलीत सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या रोटीचे करपलेले कण सापडले. घर होतं, दळण होतं, रोटी होती. शेत मात्र नव्हतं. जपानमध्ये तर सोळा हजार वर्षांपूर्वी मडकी भाजली जात होती, तीही शिकार आणि मासेमारी करणाऱ्या लोकांकडून.

म्हणजे गव्हाशी ओळख शेतीच्या कितीतरी आधीची. मग ओळखीचं लग्नात रूपांतर झालं कसं? याचं उत्तर ओंबीच्या एका सांध्यात दडलेलं आहे, आणि मला स्वतःला या सगळ्या विषयातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

रानटी गव्हाची ओंबी पिकली की तिचा कणा ठिसूळ होतो आणि दाणे कुसळांसकट सुटून जमिनीवर पडतात. गव्हाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. दाणे पडलेच नाहीत तर पुढची रोपं उगवणार कशी? पण अधूनमधून एखाद्या रोपात जनुकीय बदल होतो आणि त्याची ओंबी पिकूनही तुटत नाही. रानात असा बदल म्हणजे निर्वंश. विळा आला की मात्र पारडं फिरतं. कापताना धक्का बसतो, तुटणाऱ्या ओंब्यांचे दाणे सांडतात, न तुटणाऱ्या मुठीत राहतात. मुठीतलंच पुढच्या वर्षी पेरलं की शेतात न तुटणारी रोपं थोडी वाढतात, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडी. होता होता असा गहू तयार होतो, की जो माणसाने मळून पेरल्याशिवाय धड उगवूच शकत नाही. ज्याला आपण सुधारलेलं पीक म्हणतो ते रानाच्या परीक्षेत सपशेल नापास झालेलं गवत आहे.

या बदलाचा माग सूक्ष्मदर्शकाखाली लागतो. दाणा आपणहून सुटला असेल तर सांध्यावर गुळगुळीत व्रण राहतो, मळून तोडला असेल तर खडबडीत. थराथरांतले असे व्रण मोजत गेलं की गहू कधी 'माणसाळला' ते दिसतं. १९९० साली गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी शेतातल्या प्रयोगांवरून हिशेब केला होता की लोक विळ्याने कापून तेच पेरत राहिले तर २० ते २०० वर्षांत काम फत्ते होईल. पण २००६ साली केन-इची तानो आणि जॉर्ज विल्कॉक्स यांनी प्रत्यक्ष उत्खननातले व्रण मोजले, तेव्हा हा बदल हजाराहून अधिक वर्षं रेंगाळलेला दिसला. हजार वर्षं म्हणजे चाळीस पिढ्या. पणजीच्या काळचा गहू आणि आपला गहू यांत फरक पडलाय, हे त्यातल्या कुणाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. 'शेतीचा शोध' हा शब्दप्रयोग म्हणूनच मला खटकतो. शोध एका दिवशी लागतो. इथे लोक थोडं पेरत होते, बरंचसं रानातून आणत होते, हरणं मारत होते, आणि ज्या साली पीक बुडालं त्या साली पुन्हा रानाकडे वळत होते.

हे नेमकं तेव्हाच का घडलं, याचं निम्मं उत्तर हवामानात आहे. ध्रुवीय बर्फातून खोलवर काढलेल्या नमुन्यांवरून दिसतं की हिमयुगात हवामान लहरी होतं. काही दशकांत तापमान मोठ्या फरकाने खाली-वर व्हायचं. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी ते पुष्कळसं स्थिरावलं. त्यानंतरच्या काही हजार वर्षांत पश्चिम आशियात गहू-जव, चीनमध्ये भात आणि राळ्यासारखी बारीक धान्यं, मेक्सिकोत टिओसिंटे नावाच्या गवतापासून मका, अँडीज पर्वतात बटाटा असं सगळं एकमेकांची खबरबात नसताना जमून आलं. आधीची दोन-अडीच लाख वर्षं माणूस बुद्धीने कमी होता म्हणून शेती करत नव्हता, असं मानायला आधार नाही.

आता तुर्कस्तानातल्याच गोबेक्ली टेपेकडे जाऊ, कारण शिडीला सगळ्यात मोठा धक्का तिथे बसला. १९६३ सालच्या एका पाहणीत ही टेकडी नोंदली गेली होती, पण वर दिसणारे दगड मध्ययुगीन थडग्यांचे असावेत असं समजून पाहणारे पुढे गेले. १९९५ पासून क्लाउस श्मिट या जर्मन पुरातत्त्वज्ञाने खोदायला घेतलं. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे चुनखडीचे खांब वर्तुळात उभे केलेले निघाले. काही साडेपाच मीटर उंच, अंगावर कोल्हे, साप, विंचू, गिधाडं कोरलेली. काळ इ.स.पू. ९५०० च्या आसपास. आणि तिथली हाडं पाहावीत तर सगळी रानटी जनावरांची, धान्यही रानटीच. टनावारी वजनाचे खांब खडकातून कोरून आणून उभे करणाऱ्यांकडे ना शेत होतं, ना गोठा, ना मडकं.

श्मिटचं म्हणणं असं की आधी मंदिर आलं, शहर नंतर. म्हणजे शब्दशः आधी कळस, मग पाया. खांब उभारायला शेकडो हात जमले, त्या सगळ्यांची पोटं भरायची म्हणून धान्याची निकड वाढली आणि त्यातून शेतीकडे पावलं वळली, असा त्याचा तर्क होता. तर्क देखणा आहे, पण पुढच्या खोदकामाने त्याला थोडी मुरड घातली. श्मिट २०१४ मध्ये वारला. त्यानंतर तिथे राहत्या घरांचे अवशेष, पावसाचं पाणी साठवायची सोय आणि धान्य दळायचे हजारो दगड यांचा नीट अभ्यास झाला. म्हणजे ती माणसांपासून दूर असलेली निव्वळ देवाची जागा नव्हती, लोक तिथे राहतही असावेत. मंदिर हा शब्दसुद्धा आपला. त्यांच्या लेखी ती जागा काय होती हे खांब सांगत नाहीत. एवढं मात्र पक्कं, की भव्य बांधकामासाठी आधी शेती, मग राजा, मग वेठबिगार ही साखळी लागतेच असं नाही. अमेरिकेत लुइझियानातल्या पॉव्हर्टी पॉइंट इथेही, इ.स.पू. १७०० ते ११०० दरम्यान, शेती न करणाऱ्या लोकांनी मातीचे प्रचंड उंचवटे रचले.

शेतीची किंमत हाडांनी चुकवली. सीरियातल्या अबू हुरेरा इथल्या सांगाड्यांत थीया मॉलेसन यांना अनेक बायकांच्या पायांच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले आणि गुडघ्यांवर, पाठीवर ताण पडलेला आढळला. कारण साधं आहे: गुडघे टेकून, अंगठे मागे मुडपून, तासन् तास दगडावर धान्य रगडणं. अनेक प्रदेशांत शेतीबरोबर दात किडण्याचं प्रमाण वाढलं, काही ठिकाणी सरासरी उंची घटली. गुरांसोबत राहिल्याने रोगही आले. तरी शेती टिकली, कारण तिने माणसं जास्त दिली. भटक्या आईला एक मूल चालू लागेपर्यंत दुसरं परवडत नाही. घरात राहणारीला खिमटासारखं मऊ अन्न भरवून मूल लवकर अंगावरून तोडता येतं, आणि पाळणा लवकर हलतो. लोकसंख्या वाढली की रानातल्या हार्लनच्या गव्हावर भागत नाही. मागे फिरायची वाट अशी बुजली. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे: ठरवून कुणी या रहाटगाडग्यात पडलं नाही, आणि पडलोय हे कळेपर्यंत बाहेर पडण्याजोगी संख्या राहिली नव्हती.

पण शेती आली की लगेच राजा आला, हेही खरं नाही. तुर्कस्तानातली चाताल्ह्योयुक ही वस्ती पाहा. इ.स.पू. ७१०० पासून हजारभर वर्षं तिथे काही हजार माणसं राहिली असावीत. घरं एकमेकांना इतकी चिकटून की मध्ये रस्ताच नाही. छपरावरून चालायचं आणि शिडीने घरात उतरायचं. चूल शिडीखाली, मृतांची जागा घरातल्या ओट्याखाली. घर जुनं झालं की पाडून त्याच जागी तसंच दुसरं. इथे राजवाडा सापडला नाही, देवळासारखी सार्वजनिक इमारतही नाही. स्त्री-पुरुषांच्या हाडांवरून दोघांचा आहार बराचसा सारखा दिसतो. चुलीच्या धुराची काजळी दोघांच्याही बरगड्यांच्या आतल्या बाजूला साचलेली. युक्रेनमधल्या ट्रिपिलिया संस्कृतीच्या वस्त्या तर इ.स.पू. ४००० च्या सुमारास तीनशे हेक्टरांपर्यंत पसरल्या होत्या, आणि तिथेही राजवाड्याचा पत्ता नाही.

मग राज्य नावाची चीज उगवली कुठे? आजच्या इराकमधल्या उरुकमध्ये तिचा वास पहिल्यांदा ठळकपणे येतो, आणि तो येतो एका कुरूप वाडग्यातून. इ.स.पू. चौथ्या सहस्रकातल्या उरुकच्या थरांत तिरक्या काठाचे, जाडेभरडे, साच्यात दाबून काढलेले वाडगे ढिगांनी सापडतात. ना नक्षी, ना झिलई. वापरले आणि फेकले. अनेक अभ्यासकांच्या मते मजुरांना रोजचं धान्य मोजून द्यायची ही मापं होती; काहींच्या मते रोट्या भाजायचे साचे. पहिल्या मताला बळ देणारी गोष्ट म्हणजे तिथल्या सुरुवातीच्या लिपीत 'खाणं' किंवा 'शिधा' यासाठी जे चिन्ह आहे, ते माणसाचं डोकं आणि त्यापुढे वाडगा.

लिपीचं मूळही असंच हिशेबी आहे. डेनिस श्मांट-बेसेरात यांनी पश्चिम आशियाभर विखुरलेल्या मातीच्या छोट्या गोट्या, शंकू, चकत्या अभ्यासल्या. शेतीच्या सुरुवातीपासूनच्या या वस्तू म्हणजे मोजदादीचे खडे, असं त्यांनी मांडलं. पुढे हे खडे मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर शिक्का मारू लागले. आत किती आहेत हे गोळा न फोडता कळावं म्हणून बाहेर त्यांचे ठसे उमटवले. आणि ठसे बाहेर दिसतच आहेत तर आत खडे कशाला? गोळा चपटा झाला, त्याची पाटी झाली. त्यांच्या मांडणीतले सगळे तपशील सर्वांना मान्य नाहीत, पण उरुकच्या इ.स.पू. ३३०० ते ३००० दरम्यानच्या पाट्या वाचल्या की रोख तोच दिसतो. जव, मद्य, मेंढ्या, माणसं, सगळ्यांची खतावणी. एका प्रसिद्ध पाटीवर २९,०८६ मापं जव आणि ३७ महिने अशी नोंद असून पुढे 'कुशिम' अशी अक्षरं आहेत. कुशिम हे माणसाचं नाव की कचेरीचं, यावर एकमत नाही. माणसाचं असेल तर ज्यांची नावं आपल्याला लेखी सापडली त्यांच्यातला हा सर्वांत जुन्यांपैकी एक. तो ना राजा, ना कवी, कोठारातला कारकून.

उरुक वाचून शिडी पुन्हा उभी राहिल्यासारखी वाटते. पण शेजारचीच सिंधू संस्कृती ती पुन्हा डगमगवते. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या उत्खननांची बातमी १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी जगाला दिली. इ.स.पू. २६०० ते १९०० या बहराच्या काळात इथे आखीव रस्ते, झाकलेली गटारं, ४:२:१ प्रमाणातल्या विटा आणि शेकडो किलोमीटरवरही जुळणारी दगडी वजनं होती. शिस्त एवढी, पण शिस्त लावणारा दिसत नाही. राजवाडा म्हणून छातीठोकपणे दाखवावी अशी इमारत नाही, राजाची थडगी नाहीत. मोहेंजोदडोतल्या ज्या छोट्या मूर्तीला 'पुरोहित राजा' म्हणतात, ती जेमतेम १७ सेंटिमीटरची आहे आणि तिचं हे बारसं खोदणाऱ्यांनी केलं आहे. लिपी आहे, पण लेख सरासरी पाचेक चिन्हांचे, आणि अजून वाचता आलेले नाहीत.

पेरूमधल्या काराल इथे मडकं नसतानाच पिरॅमिड उभे राहिले. दगड लव्हाळ्याच्या जाळीदार पिशव्यांत भरून, पिशव्यांसकट भिंतींच्या आत रचलेले. लव्हाळं एका वर्षात वाढून संपतं, त्यामुळे कर्ब-१४ ने बांधकामाचं वय नेमकं निघालं: इ.स.पू. २६०० च्या आसपास. रूथ शेडी यांच्या पथकाने ते २००१ साली जाहीर केलं. किनाऱ्यावरचे मासे आतल्या भागात येत, आतल्या शेतांतला कापूस जाळ्यांसाठी किनाऱ्यावर जाई.

राहिली शेवटची जागा, न्यू गिनीच्या डोंगराळ भागातली कुक ही दलदल. इथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वी लोक मातीचे उंचवटे करून केळी आणि अळूकंद लावत होते. पुढे त्यांनी पाणी काढून देणाऱ्या चऱ्याही खणल्या. १९७०च्या दशकात जॅक गोल्सन यांच्या चमूने त्या थराथराने मोकळ्या केल्या. शेती इतकी जुनी, पण शहर नाही, राजा नाही, लिपी नाही. काही अभ्यासक म्हणतात, याचं कारण कंद. गहू एकाच वेळी पिकतो, उघड्यावर दिसतो, वाळवून मोजता येतो, म्हणून वसूल करणाऱ्याला सोयीचा. कंद मात्र जमिनीखाली पडून राहतो आणि लागेल तसा काढता येतो. कल्पना पटण्याजोगी आहे, फक्त अँडीजमध्ये बटाटे खाणाऱ्यांनीही मोठं साम्राज्य उभं केलं होतं. अर्थात त्यांना बटाटा गोठवून, वाळवून कोठारात ठेवायची युक्ती साधली होती, आणि जोडीला मकाही होता.

१९३०च्या दशकात बाहेरची माणसं विमानातून कुकच्या वाघी खोऱ्यावर पहिल्यांदा गेली. हा भाग निर्मनुष्य असावा अशी त्यांची समजूत होती. खाली दिसल्या त्या दूरवर पसरलेल्या चौकोनी बागा, आणि बागांमधून सरळ रेषेत काढलेल्या चऱ्या.